पाराकास: वाळवंटाइतकाच समुद्रही राखीव

पेरूची राजधानी लिमा सोडून किनाऱ्याने दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटर गेलं की पाराकासचं राष्ट्रीय राखीव क्षेत्र लागतं. १९७५ साली जाहीर झालेल्या या ३,३५,००० हेक्टरांपैकी जवळपास दोन तृतीयांश भाग समुद्राचा आहे. वाळवंट राखायला एवढं पाणी कशाला हवं, असं नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. माझ्या मते मात्र ही हद्द आखणाऱ्यांनी मर्म अचूक हेरलं होतं. इथला कोरडेपणा आणि समुद्राची सुबत्ता एकाच थंड पाण्यातून आलेली आहे, त्यामुळे एकाला जपून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडणं शक्यच नाही.

हे थंड पाणी हम्बोल्ट प्रवाहाचं. वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटतात आणि त्याच्या जागी खालचं गार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक पोसतात, प्लवकांवर अँचोव्हेटा हा आपल्या मांदेलीच्या नात्यातला मासा, आणि त्याच्यावर पाणकावळे, पेंग्विन, समुद्रसिंह. पण हेच पाणी वरची हवा थंड ठेवतं. जड हवा वर चढत नाही, म्हणून धुकं पडतं, पाऊस मात्र जवळजवळ नाहीच. आपल्या कोकणाला अरबी समुद्र भिजवतो, इथे समुद्रच किनारा सुकवतो. दोन्हींचा मेळ पाहायचा तर ग्वानो पाहावा, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचे थर. मासळी समुद्राची, पण ते थर धुऊन न जाता साठले ते पाऊस नसल्यामुळे. एकोणिसाव्या शतकात या खतावर पेरूचा खजिना चालला आणि ग्वानोने भरलेली जवळची चिंचा बेटं स्पेनच्या आरमाराने १८६४ साली ताब्यात घेतली. याच कोरडेपणाने माणसाची कलाही टिकवली. पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांना १९२०च्या दशकात इथे कापडांत गुंडाळलेली प्रेतं शेकड्यांनी सापडली. त्या कापडांवरचं भरतकाम सुमारे दोन हजार वर्षांचं, तरी त्यातले तांबडे-निळे रंग आजही ठसठशीत आहेत. तेयो यांच्या नावाचं संग्रहालय राखीव क्षेत्रातच आहे. अनेक पर्यटक सकाळी होडीतून बायेस्तास बेटांवरचे पक्षी पाहून परततात. ती बेटं वेगळ्या राखीव क्षेत्रात मोडतात, म्हणजे अशा प्रवाशाने पाराकासच्या वाळूवर पाऊलच ठेवलेलं नसतं.

यावर पहिला आक्षेप असा, की राखीव म्हणायचं आणि आत मासेमारी चालू द्यायची, हे कसलं संरक्षण? पेरूच्या कायद्यात राष्ट्रीय राखीव क्षेत्र हा प्रकारच नियमांत राहून वापर करू देणारा आहे, आणि मला तो योग्य वाटतो. या किनाऱ्यावर माणूस हजारो वर्षं मासळीवरच जगत आला आहे. लागुनियाससारख्या खाडीतल्या छोट्या होड्यांना हुसकावलं, तर समुद्रावर रोज नजर ठेवणारे लोकच आपण गमावू. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, मासळी दूर जाते, पक्षी उपाशी मरतात. पावसाच्या अंदाजात हे नाव ऐकून धास्तावणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला त्याची ताकद सांगायला नको. एल निनोला कोणती हद्द अडवणार? कोणतीच नाही. पण अशा वर्षानंतर पक्ष्यांची संख्या पुन्हा वाढायची, तर विणीच्या जागा शाबूत हव्यात आणि मासळीचा उपसा आटोक्यात हवा. हद्दीचं काम तेवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

राहिला ओसाड जमिनीचा प्रश्न. तिथे काहीच उगवत नाही, मग गाडी कुठूनही नेली तर बिघडलं काय? पाराकास द्वीपकल्पाच्या उतारावर ‘कँडेलाब्रो’ ही समुद्रातून दिसणारी प्रचंड आकृती कोरलेली आहे. ती कोणी आणि कधी काढली यावर वाद आहेत, पण ती पुसायला पाऊस आला नाही, हे उघड आहे. जिथे माणसाने ओढलेली रेघ इतकी टिकते, तिथे चाकांचे चरेही सहजी बुजत नाहीत. शिवाय वाटेवरच्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मळसूत्री शंख उघड्यावर पडलेले आहेत, एका चाकाखाली त्यांचा चुरा होतो. आखलेला रस्ता सोडायला इथे मनाई आहे ती यासाठी, आणि ती आणखी कडकपणे पाळली जायला हवी.