‘व्यापार’ खेळून व्यापार कळत नाही

सुट्टी लागली की घरोघरी ‘व्यापार’चा पट मांडला जातो. मुलं फासे टाकतात, शहरं विकत घेतात, भाडं वसूल करतात आणि बाकीच्यांचं दिवाळं निघालं की जिंकतात. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, हा समज इथेच पक्का होतो. मुळात हा खेळ भाडेवसुलीचा. त्याचा पूर्वज असलेल्या खेळाचं पेटंट अमेरिकेत लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये मिळवलं, तेही जमीनमालकीतून पैसा मोजक्यांच्या हाती कसा जातो हे दाखवण्यासाठी!

खरा व्यापार दाखवायला कागदी पिशव्या पुरतात. कुणाच्या पिशवीत खोडरबर, कुणाच्या चिक्की, कुणाच्या स्टिकर. आपली वस्तू किती आवडली याचे प्रत्येकाने १ ते ५ गुण द्यायचे. बाई बेरीज फळ्यावर लिहितात. मग फक्त शेजाऱ्याशी अदलाबदल, पुन्हा बेरीज. शेवटच्या फेरीत सगळा वर्ग मोकळा. चिक्की नको असलेल्याला खोडरबर मिळतं आणि खोडरबरवाल्याला चिक्की. वस्तू तेवढ्याच राहतात, बेरीज मात्र वाढते. बाजार मोठा झाला की काय होतं, हे मुलांना फळ्यावर दिसतं.

‘जो देश सगळंच कमी कष्टात बनवतो, त्याने बाहेरून का घ्यावं?’ हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये त्याचं उत्तर आकड्यांत मांडलं. ठरावीक कापडाला पोर्तुगालमध्ये ९० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, वाइनला ८०. इंग्लंडमध्ये कापडाला १००, वाइनला १२०. दोघांनी दोन्ही बनवलं तर लागतात ३९०. पोर्तुगालने दोघांपुरती वाइन आणि इंग्लंडने दोघांपुरतं कापड केलं, तर ३६०. सहावी-सातवीच्या मुलांना ही बेरीज सहज जमते.

पण फायदा होतो म्हणजे तो सारखा वाटला जातो, हाही गैरसमजच. ‘ख्रिश्चन एड’ या ब्रिटिश संस्थेचा ‘ट्रेडिंग गेम’ त्यावरच बोट ठेवतो. काही गटांकडे कात्री, पट्टी, कर्कटक आणि भरपूर पैसे. काहींकडे नुसते कागद. ठरलेल्या मापाचे आकार कापून बँकेला विकायचे. कागदवाल्या गटाला एका कात्रीसाठी हात पसरावे लागतात आणि मध्येच बँक भाव बदलते. चिडलेली मुलं ‘हे बरोबर नाही’ म्हणतात, तिथे खरा धडा सुरू होतो.

नाशिकच्या वर्गात तर उदाहरण दारातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा देण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाची झळ शेतकऱ्याला बसली. खेळात बाईंनी ‘या बाकावरून कागद बाहेर जाणार नाही’ म्हटलं, की कुणाला काय सोसावं लागतं ते मुलं स्वतःच सांगतील.

म्हणून शिक्षकांना एकच विनंती: तासाची शेवटची पंधरा मिनिटं खेळाला देऊ नका, मुलांच्या बोलण्यासाठी राखून ठेवा.