गिअरचा दात तुटला म्हणून ट्रॅक्टर भंगारात घालू नका

ताईंनो, सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टर मिळतात. खर्चाची मर्यादा साडेतीन लाख, त्यात 90 टक्के अनुदान आणि 10 टक्के, म्हणजे 35 हजार, गटाचे. ते 35 हजार आपण बचतीतून उभे केलेले असतात. म्हणून ट्रॅक्टर बंद पडला आणि कुणी म्हणालं, "जुना झाला, देऊन टाका", तर लगेच मान डोलवू नका. आधी काय मोडलंय ते समजून घ्या.

गिअरबॉक्स म्हणजे दात्यांच्या चाकांची पेटी. एका चाकाचे दाते दुसऱ्यात अडकतात आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत जाते. आपल्याकडं हळदीचं रान काळं, चिकट. ओल्या मातीत रोटाव्हेटर खोल घातला, चालत्या गाडीत गिअर ओढला किंवा क्लच झटक्यात सोडला, की सगळा मार त्या दात्यांवर बसतो. ऑईल कमी असेल तर दाते झिजतात आणि एक दिवस तुटतात.

बिघाड कुठं आहे?

- सगळेच गिअर पडताना खरखरतात: आधी क्लच तपासा. पुष्कळदा नुसतं पायडल सेट करून काम भागतं. पेटी खोलायची गरज नाही.
- एकाच गिअरमध्ये ठराविक अंतरानं 'टक-टक' येते: त्या गिअरचा दात तुटलेला असू शकतो.
- गिअर आपोआप सटकतो: दाते झिजलेत, नाहीतर गिअर सरकवणारा फोर्क वाकलाय.
- न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो: बहुधा बेअरिंग गेलं.

दाताचा संशय आला की ट्रॅक्टर चालवू नका. तुटलेला तुकडा पेटीत फिरतो आणि बाकीचे चांगले दाते खातो. एका गिअरचं काम मग चार गिअरवर जातं.

मिस्त्रीसमोर काय बघायचं?

पेटीतलं ऑईल स्वच्छ डब्यात काढायला सांगा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. करड्या पिठासारखा चुरा चिकटला तर ती रोजची झीज. टोकदार तुकडे आले तर बहुधा दात तुटलाय. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पेटीत पाणी शिरलंय. पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचं असं होतं. मग सीलही बदलावं लागतं.

गिअर काढायला बहुतेक ट्रॅक्टर मधून दोन भागांत खोलावा लागतो. दोन्ही भागांखाली भक्कम घोड्या लावल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. लेकरांना तिथं फिरकू देऊ नका.

तुटलेला दात वेल्डिंगनं भरून देतो, असं कुणी सांगेल. स्वस्तात पडतं, पण टिकत नाही. कामून? लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा त्याची धार कडक होते. गिअरच्या दातालाही कारखान्यात तसंच कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते पाणी उतरतं, आणि ऐन हंगामात दात परत तुटतो.

नवा गिअर घेताना त्याच्या जोडीचा गिअरही तपासा. झिजलेल्या दात्यांवर नवे दाते नीट बसत नाहीत, म्हणून शक्यतो जोडीच बदला. बेअरिंग, सील आणि पॅकिंग त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर खोलाईची मजुरी दोनदा जाते. दुकानात जाताना जुना गिअर आणि ट्रॅक्टरच्या पाटीवरचा मॉडेल व चेसिस नंबर सोबत न्या. दाते मोजून घ्या. नवा भाग मिळालाच नाही, तर त्याच मॉडेलच्या भंगारातल्या ट्रॅक्टरचा चांगला गिअर चालतो.

गटानं काय करायचं?

दोन ठिकाणचं दरपत्रक घ्या, त्यात भाग आणि मजुरी वेगळी लिहून मागा. बैठकीत ठराव घ्या. जुने भाग परत मागा आणि पक्कं बिल फाईलला लावा. हिशोब आपल्याला कळतो हे दिसलं की समोरचाही नीट बोलतो. दुरुस्तीचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीच्या मानानं फारच जास्त निघाला, तरी विकण्याआधी अनुदानाचं हमीपत्र वाचा आणि समाज कल्याण कार्यालयात विचारा.

पुढच्या वेळी पैशासाठी धावाधाव नको. भाड्याच्या प्रत्येक तासामागं 50 रुपये दुरुस्ती निधीत टाका. वर्षात 200 तास चालला तर 10 हजार जमतात. ड्रायव्हर कुणीही असो, तीन नियम पाळायला लावा: गाडी थांबवून गिअर टाकायचा, ऑईलची पातळी दर आठवड्याला बघायची, आणि ऑईल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरायचं.

हळदीला भर लावायचे दिवस ट्रॅक्टरसाठी थांबत नाहीत. येत्या बैठकीत दुरुस्ती निधीचा विषय पत्रिकेवर घ्या, आणि गटातल्या दोघीजणींनी तरी ऑईल तपासायला शिकून घ्या.