जुनें कापणी-मळणी यंत्र घ्यावें काय ?

आश्विनांत सोयाबीनच्या शेंगा वाळूं लागल्या आणि आभाळांत परतीचे ढग दिसले, म्हणजे दहा एकरांच्या शेतकऱ्याचा जीव टांगणीस लागतो. मजूर मिळत नाहींत. पंजाबांतून येणारें भाड्याचें हार्वेस्टर आपल्या शिवारांत केव्हां पोंचेल याचा भरंवसा नसतो. अशा वेळीं एखादें जुनें यंत्र आपणच कां घेऊं नये, असा विचार मनांत येणें साहजिक आहे. आमचें आयुष्य जमाखर्च लिहिण्यांत गेलें; त्या संवयीनें हा हिशेब वाचकांपुढें मांडतों.

समजा, यंत्रास ८,००,००० रुपये पडले व तें आणखी आठ वर्षें चाललें. वर्षाची घसारा-तूट १,००,०००, शेकडा १० प्रमाणें व्याज ८०,०००, दुरुस्ती व विमा ६०,०००. एकूण २,४०,००० रुपये झाले. भाडें एकरीं २,००० धरलें व स्वतःच्या यंत्रास डिझेल आणि चालक मिळून ८०० लागले, तर एकरामागें १,२०० वांचतात. म्हणजे नुसती तोंडमिळवणी होण्यास वर्षाकांठीं २०० एकरांचें काम हवें ! हे आंकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून पाहावे.

एकट्यास हा व्यवहार आंतबट्ट्याचा, हें उघड आहे. परंतु दहा एकरांचे दहा शेतकरी एकत्र आले व खरिपांत सोयाबीन आणि रब्बींत गहूं असे दोन हंगाम साधले, तर २०० एकर भरतात. दिवसास आठ एकर उरकल्यास एक हंगाम तेरा दिवसांत संपतो. कोणाचें शेत आधीं, हें मात्र पेरणीपूर्वींच लेखी ठरवावें. ढग आल्यावर ठरविण्यास बसल्यास सख्खे भाऊही भांडतात.

यंत्र उभ्या पिकांत चालवून पाहिल्यावांचून घेऊं नये. पातीं, ढोल व त्याखालची जाळी, चाळण्या आणि पट्टे पाहावे. ढोलाचा वेग कमी करतां येतो कीं नाहीं, हें अवश्य तपासावें. सोयाबीनचें टरफल पातळ असतें. वेग अधिक झाल्यास दाण्याची डाळ होते व बियाण्याची उगवण बिघडते. यंत्र गेल्यावर तीन-चार ठिकाणीं एकेक चौरस मीटर जागेंतील दाणे मोजावे. गव्हाचे १०० दाणे सुमारें ४ ग्रॅम भरतात. तितके सांडत असतील तर एकरीं १६ किलो धान्य मातींत जातें. गव्हाचें काडही रानभर पसरतें. भूस करण्यास निराळें यंत्र लागतें, तो खर्च गुरें बाळगणारांनीं विसरूं नये.

शेवटीं कागद. सातबाऱ्यावरील बोजा पाहिल्यावांचून जमीन कोणी घेत नाहीं. तसेंच यंत्राच्या नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा आहे काय, हें पाहावें. आमच्या माहितींतील एका शेतकऱ्यानें तें पाहिलें नाहीं. ऐन सुगींत कर्ज देणारांनीं यंत्र ओढून नेलें व पीक रानांत भिजलें.

तात्पर्य, आधीं दहा जण जमवावे, मग यंत्र पाहावें.