शाळेची हद्द आणि संधीची समानता : ग्वाल्हेर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

अकरावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शिक्षकासमोर जे विद्यार्थी बसलेले असतात, त्यांची निवड महाविद्यालयाच्या प्रवेश समितीने केली असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात ही निवड फार आधी सुरू झालेली असते. सहाव्या वर्षी पहिलीत, अकराव्या वर्षी सहावीत आणि चौदाव्या वर्षी नववीत अशा तीन टप्प्यांवर मुलांची चाळणी होते. या तिन्ही ठिकाणी गुणवत्तेच्या जोडीला आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. ती म्हणजे हद्द. मूल कोणत्या वॉर्डात राहते, शहरात शिकते की खेड्यात, कोणत्या जिल्ह्याचे रहिवासी आहे, यावर त्याच्यासाठी कोणते दार उघडे आहे हे ठरते. शाळांच्या हद्दी कशा आखल्या जातात, निवडक दर्जेदार शाळांचा लाभ कोणाला मिळतो आणि त्यात न्याय कितपत आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात ग्वाल्हेरच्या संदर्भात केले आहे.

शेजारशाळा आणि चुंबकशाळा

शाळाप्रवेशाच्या दोन कल्पना जगभर आढळतात. पहिली शेजारशाळेची. परिसरातील सर्व मुलांनी, मग ती श्रीमंत असोत वा गरीब, कोणत्याही जातिधर्माची असोत, एकाच शाळेत शिकावे असे ती सांगते. भारतात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीचा भाग म्हणून तिचा आग्रह धरला. या आयोगाचे सदस्य-सचिव महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते.

दुसरी कल्पना चुंबकशाळेची, म्हणजे अमेरिकेतील मॅग्नेट स्कूलची. १९५४ च्या ब्राऊन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर आधारित शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरीही वस्त्याच वेगवेगळ्या असल्याने शाळा वेगळ्याच राहिल्या. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निर्णय दिला की, उपनगरांच्या शालेय जिल्ह्यांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. जिल्ह्याची रेषा ही अशा रीतीने न ओलांडता येणारी भिंत बनली. सक्तीने मुले हलवण्याऐवजी विज्ञान, कला किंवा भाषा यांचे खास अभ्यासक्रम असलेल्या शाळा उघडून सर्व वस्त्यांतील मुलांना स्वेच्छेने आकर्षित करावे, या विचाराला त्यानंतर बळ मिळाले.

या अनुभवातून दोन धडे मिळतात. वस्ती विभागलेली असेल तर शेजारशाळा तो विभाग मोडत नाही, उलट त्याची नक्कल करते. आणि चुंबकशाळेकडे सर्वच मुले ओढली जात नाहीत. ज्यांच्या पालकांना माहिती, वेळ आणि वाहन आहे तीच प्रथम पोहोचतात.

ग्वाल्हेरची घडण

ग्वाल्हेर हे एकसंध शहर नाही. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० नंतर वाढलेले लष्कर आणि इंग्रजी फौजेच्या तळामुळे वसलेले मुरार अशा तीन वस्त्यांचे मिळून ते बनले आहे. जुन्या ग्वाल्हेरात हजरत मुहम्मद गौस आणि तानसेन यांच्या मकबऱ्यांचा परिसर येतो, तर लष्करात शिंदेशाहीबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती झाली.

शिक्षणसंस्थांचा इतिहासही याच घडणीशी जोडलेला आहे. किल्ल्यावरील प्रसिद्ध सिंदिया स्कूलची सुरुवात १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठीची शाळा म्हणून झाली. संस्थानी काळात शाळेची हद्द जमिनीवर नव्हे तर दर्जावर आखलेली होती. मध्य भारत आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी पुनर्रचित मध्य प्रदेश अस्तित्वात आल्यावर दर्जाची हद्द कायद्यातून गेली, परंतु भूगोलाची हद्द राहिली.

पहिली चाळणी : वॉर्डाची रेषा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा शेजारच्या परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्यावयाच्या असतात. आठवीपर्यंतच्या खर्चाची प्रतिपूर्ती ठरलेल्या मर्यादेत शासन करते.

या कलमात कळीचा शब्द आहे 'शेजार'. महाराष्ट्रात तो अंतराने मोजला गेला. एक किलोमीटरच्या आतील मुलांना आधी आणि तीन किलोमीटरपर्यंतच्या मुलांना नंतर प्राधान्य मिळत आले. मध्य प्रदेशात शहरी भागासाठी वॉर्ड हा आधार धरला जातो. आधी त्या वॉर्डातील मुले, मग लगतच्या वॉर्डांतील, आणि जागा ऑनलाइन सोडतीने.

सोडत निःपक्षपाती असते यात शंका नाही. प्रश्न सोडतीच्या आधीचा आहे. ग्वाल्हेर महानगरपालिकेचे ६६ वॉर्ड निवडणुकीसाठी आखलेले आहेत. ते आखताना मतदारसंघांची लोकसंख्या साधारण सारखी राहावी हे पाहिले जाते. शाळा किती व कशा आहेत हे पाहिले जात नाही. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका वॉर्डात दहा खासगी शाळा असून प्रत्येकीत प्रवेशवर्गाच्या ४० जागा आहेत. तेथे २५ टक्क्यांनुसार १०० जागा मिळतील. दुसऱ्या वॉर्डात अशा दोनच शाळा असतील तर जागा २०. पहिल्या वॉर्डात पात्र मुले ८० आणि दुसऱ्यात २०० असतील, तर पहिल्या वॉर्डातील प्रत्येक मुलाला जागा मिळेल आणि दुसऱ्यातील दहांपैकी एकाला. दोन्ही ठिकाणी सोडत तितकीच प्रामाणिक, तरी संधी दहापट वेगळी. फी देऊ शकणारे पालक जेथे राहतात तेथे खासगी शाळा निघतात, म्हणून ज्या वॉर्डात गरज अधिक तेथे जागा कमी हे चित्र योगायोगाचे नाही. लगतच्या वॉर्डांची सवलत काही अंशी उपयोगी पडते, परंतु लगतचे वॉर्डही तसेच असतील तर तिचा लाभ नाममात्र राहतो.

हद्दीबरोबरच पात्रतेचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. मध्य प्रदेशात अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतर गरीब कुटुंबांची पात्रता मुख्यतः दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकेवर अवलंबून असते. मुस्लिम कारागीर समाजांपैकी बहुतेक इतर मागासवर्गात मोडतात. त्यांच्यासाठी जात नव्हे तर हे कार्डच दाराची किल्ली ठरते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या आणि वारंवार वस्ती बदलणाऱ्या कुटुंबाला कार्ड व वॉर्डाचा पुरावा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळवणे अवघड जाते.

दुसरी चाळणी : शहर आणि खेडे

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाशी जोडलेली जवाहर नवोदय विद्यालये ही भारतातील चुंबकशाळेची सर्वांत स्पष्ट प्रतिकृती होय. १९८५-८६ मध्ये पहिली दोन प्रायोगिक विद्यालये हरियाणात झज्जर आणि महाराष्ट्रात अमरावती येथे निघाली. जिल्ह्याला साधारण एक विद्यालय, सहावीत जास्तीत जास्त ८० जागा, निवड परीक्षेने प्रवेश आणि निवासासह मोफत शिक्षण अशी ही योजना आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात.

ग्वाल्हेर जिल्ह्यात या नियमाचा परिणाम कसा होतो हे आकड्यांत पाहता येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लाख ३२ हजार, पैकी जवळजवळ ६३ टक्के शहरी. म्हणजे सुमारे साडेसात लाख ग्रामीण लोकसंख्येसाठी ८० पैकी किमान ६० जागा आणि पावणेतेरा लाख शहरी लोकसंख्येसाठी जास्तीत जास्त २०. दर लाखामागे हे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे ८, तर शहरात दीडच्या आसपास येते.

हा अन्याय म्हणावा काय? तसे सरसकट म्हणता येणार नाही. खेड्यातील हुशार मुलाला चांगली शाळा मिळावी हाच योजनेचा हेतू आहे, आणि शहरात इतर पर्याय अधिक असतात. तथापि 'शहर' हा एकच शब्द संपन्न कॉलनीला आणि दाटीच्या गरीब वस्तीला सारखाच लागू होतो. मध्य प्रदेशातील मुस्लिम लोकसंख्येचा मोठा भाग शहरांत राहतो. त्यामुळे शहरी गरीब मूल खेड्यातील मुलांच्या रांगेत बसत नाही आणि वीस जागांच्या रांगेत शिकवणी लावलेल्या मुलांशी स्पर्धा करते.

नियमाचा आणखी एक बारकावा पालकांना उशिरा कळतो. तिसरी, चौथी व पाचवी या इयत्तांत मूल एक दिवस जरी शहरी शाळेत शिकले असेल तरी ते शहरी गणले जाते. मजुरीसाठी काही महिने शहरात येऊन पुन्हा गावी परतलेल्या कुटुंबाचे मूल त्यामुळे ग्रामीण जागेचा हक्क गमावते.

तिसरी चाळणी : नववीचा प्रवेश

शिक्षण अधिकार कायद्याचे संरक्षण आठवीला संपते. २५ टक्क्यांतून शिकलेल्या मुलापुढे नववीत पूर्ण फी भरणे किंवा शाळा बदलणे हे दोनच मार्ग उरतात. मध्य प्रदेशात जिल्हा स्तरावर उत्कृष्ट विद्यालये आणि विकासखंड स्तरावर मॉडेल विद्यालये आहेत. त्यांत नववीचा प्रवेश परीक्षेने होतो. ग्वाल्हेरचे उत्कृष्ट विद्यालय मुरार येथे आहे. हजीरा किंवा लष्करच्या आतल्या गल्लीतील मुलीसाठी तेथपर्यंतचा रोजचा प्रवास, त्याचे भाडे आणि घरच्यांची काळजी या गोष्टी परीक्षेच्या गुणांइतक्याच निर्णायक ठरतात. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमबहुल भागांत दर्जेदार सरकारी शाळा आणि नववी ते बारावीसाठी मुलींच्या स्वतंत्र शाळा सुचवल्या, त्यामागे अंतराचा हाच विचार होता.

राज्याच्या सीएम राइज योजनेत, जिच्या शाळांना २०२५ मध्ये सांदीपनि विद्यालय असे नाव देण्यात आले, सुमारे ९,२०० शाळांचे उद्दिष्ट आणि विद्यार्थ्यांसाठी बसची तरतूद ठेवली गेली. बस ही येथे केवळ सोय नाही. ज्या शाळेची हद्द मोठी आहे, तिला बसशिवाय न्याय्य म्हणता येत नाही.

भाषेची हद्द

माध्यमाचा विचार केल्यास हद्दीचा प्रश्न वेगळेच रूप घेतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात असे सांगतो. उर्दू बोलणारी कुटुंबे काही मोहल्ल्यांत एकत्र राहतात तेथे लहान हद्दीतही उर्दूचा वर्ग भरू शकतो. परंतु मराठी कुटुंबे आता शहरभर विखुरलेली असतील तर एका वॉर्डात मराठीचा वर्ग कधीच भरणार नाही. संपूर्ण शहर हद्द धरले तरच तो भरेल. म्हणजे लहान हद्द नेहमी न्याय्य आणि मोठी हद्द नेहमी अन्याय्य असे समीकरण मांडता येत नाही. वस्ती एकवटलेली की विखुरलेली, यावर योग्य हद्द ठरते.

अल्पसंख्याक संस्थांपुढील प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी २५ टक्क्यांची तरतूद वैध ठरवली, मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तीतून वगळले. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही कायद्याबाहेर गेल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाविषयी शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. अनुच्छेद ३० चे संरक्षण संस्थेच्या अस्तित्वासाठी आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. पण एखाद्या वॉर्डातील एकमेव चांगली शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल, तर त्याच समाजातील गरीब मुलाचाही त्या शाळेवर कायदेशीर हक्क उरत नाही. कायद्याने सूट दिली म्हणून कर्तव्यातून सूट मिळत नाही. काही जागा स्वेच्छेने परिसरातील गरीब मुलांसाठी ठेवून खुल्या सोडतीने भरण्यास कोणताही कायदा अडवत नाही.

हद्दीचा शब्द बदलून हक्क कसा आकसतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने दिले. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. नियम मूळ कायद्यावर कुरघोडी करू शकत नाही, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले.

समारोप

हद्द न्याय्य आहे की नाही हे तपासण्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. हद्दीच्या आत गरजू मुलांच्या मानाने जागा किती आहेत? निवडीची पद्धत पालकांच्या ऐपतीला झुकते माप देते काय? शाळेपर्यंत पोहोचण्याचा खर्च कोण उचलतो? आणि नियमाची माहिती सर्वांपर्यंत वेळेवर जाते काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शासनाच्या हाती आहेत. चौथ्याचे उत्तर बऱ्याच अंशी शिक्षकांच्या हाती आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची धाकटी भावंडे आज याच तीन चाळण्यांसमोर उभी आहेत. सत्राच्या सुरुवातीला वर्गात या प्रवेशांच्या तारखा, लागणारी कागदपत्रे आणि तिसरी ते पाचवीचा नियम सांगितला गेला, तर तो अनेक घरांत पोहोचेल. विद्यार्थ्यांकडून आपापल्या वॉर्डातील शाळा आणि जागा यांची मोजणी प्रकल्प म्हणून करून घेता येईल. अशी मोजणी हाती असेल तर हद्द बदलण्याची मागणी शासनापुढे आधारासह मांडता येईल.