मानवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळताना

पाली, मराठी, अर्थशास्त्र वा वाणिज्य या विषयांत पदवी मिळविलेले विद्यार्थी, पदव्युत्तर स्तरावर मानवशास्त्र घ्यावे काय, असे अधूनमधून विचारतात. जो विषय पदवीला कधी अभ्यासला नाही, त्याच्या वर्गात आपण उपरे ठरू, ही त्यांची भीती असते. तिचा विचार त्या शास्त्राच्याच इतिहासाच्या आधारे करणे इष्ट होय.

मानवशास्त्राचे धुरीण म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, त्यांपैकी कितीतरी जण अन्य विषयांतून आलेले आहेत. फ्रान्झ बोआस यांची १८८१ सालची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातील होती. मालिनोव्स्की यांनी १९०८ मध्ये क्राकोव येथे तत्त्वज्ञानात ती पदवी मिळविली. एडमंड लीच यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे, तर निर्मलकुमार बोस यांचे भूविज्ञानाचे. डॉ. घुर्ये संस्कृतचे एम. ए. होते. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान, मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र आणि त्यानंतर बर्लिनमध्ये मानवशास्त्र असा प्रवास केला.

मात्र सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कोलंबिया विद्यापीठात ते प्रामुख्याने अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. असे असता ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी बोआस यांचे शिष्य डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्र परिसंवादात भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास यांवर निबंध वाचला. पुढे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. निबंधाची मांडणी पाहण्यासारखी आहे. गोत्राबाहेर विवाह करणाऱ्या समाजावर जातीअंतर्गत विवाहाचे बंधन लादले गेले, आणि यातूनच जात निर्माण झाली, असे ते म्हणतात. मग प्रश्न उरतो तो संख्येचा. गट बंदिस्त ठेवावयाचा, तर विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पती निवर्तला की एक स्त्री ‘अधिक’ होते, पत्नी निवर्तली की एक पुरुष. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही चाली हा अधिकपणा निकालात काढण्याचे उपाय होत. इतका कठोर हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाच सुचावा! परशास्त्रातून आलेला मनुष्य रिकाम्या हाताने येत नाही, एवढे यावरून दिसते.

तथापि केवळ पूर्वीच्या भांडवलावर भागत नाही. १९४८ च्या अस्पृश्यविषयक ग्रंथात बाबासाहेबांनी भिन्न वंशाचा सिद्धान्त खोडून काढताना घुर्ये यांनी दिलेल्या नासिकामापनाच्या आकड्यांचा उपयोग केला. ते प्रकरण समजण्यासाठी शारीरिक मानवशास्त्राची ओळख हवी. सामाजिक-सांस्कृतिक, पुरातत्त्वीय व भाषिक या शाखांबरोबर ही शाखाही आपल्याकडील अभ्यासक्रमांत प्रायः सर्वांना शिकावी लागते. कलाशाखेचे विद्यार्थी अडखळतात ते येथेच: अस्थी, आनुवंशिकता, संख्याशास्त्र. अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तके प्रवेशापूर्वी वाचून काढणे, हा यावरील साधा उपाय आहे. त्यात कमीपणा मानू नये.

पालीच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी. त्याच्याजवळ साहित्य विपुल असते. अस्सलायन सुत्तात योन व कंबोज देशांत स्वामी व दास असे दोनच वर्ण असून ते पालटूही शकतात, असा उल्लेख येतो. दोन समाजांची अशी तुलना मानवशास्त्राला परकी नाही. परंतु ग्रंथात जे लिहिले आहे तेच विहारात घडत असणार, असे तो गृहीत धरतो. विनयातील कठिन-चीवराचे नियम त्याला पाठ असतात. वस्त्र कोणत्या घरातून आले, मान प्रथम कोणाला मिळाला, भोजनाचा खर्च कोणी उचलला, हे मात्र गावात राहिल्याशिवाय कळत नाही. संस्कृत-पालीचे पंडित रिचर्ड गोंब्रिच श्रीलंकेच्या डोंगराळ ग्रामीण भागात जाऊन राहिले, आणि उपदेश व आचार यांच्या संबंधावरील त्यांचा ग्रंथ १९७१ मध्ये निघाला. पालीच्या विद्यार्थ्याने तो प्रथम वाचावा.

क्षेत्रकार्याची तयारी घरूनही करता येते. आपल्याच कुळाची तीन पिढ्यांची वंशावळ मांडावी आणि कोण कोणाला काय म्हणतो ते टिपावे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह चालतो, आतेबहिणीशी मात्र बहुधा चालत नाही. असे का, हा प्रश्न आजीला विचारून पाहावा. उत्तरापेक्षा ती ते कसे देते, याकडे लक्ष द्यावे.

प्रवेशाचे नियम विद्यापीठागणिक बदलतात. एम. ए. साठी पुष्कळ ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, एम. एस्सी. साठी काही ठिकाणी विज्ञानाची अट असते. म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक मिळवूनच अर्ज करावा. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. विदर्भातील विद्यार्थ्यांनी अर्जापूर्वी तेथे एकदा जाऊन यावे.