म्हाताऱ्या कुत्र्याचा जमाखर्च

आपल्या हिशेबशास्त्रात घसाऱ्याचे एक प्रकरण असते. यंत्राची किंमत दरवर्षी थोडीथोडी उतरवायची व अखेर मोडीची किंमत तेवढी शिल्लक ठेवायची. यंत्राला हा न्याय योग्यच. परंतु पुष्कळ घरांतून तो कुत्र्यालाही लावला जातो. पिल्लू असते तोवर खेळणे, मोठे झाले की राखणदार. आणि नजर अधू होऊन पाय ओढू लागला की कुणीतरी त्याला लांबच्या रस्त्यावर सोडून येतो. उपासमार होईल अशा रीतीने जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यास दंड किती? १० ते ५० रुपये! तेव्हा अशा जिवाची भिस्त कायद्यापेक्षा माणसांवरच अधिक.

अशी माणसे आहेत. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर या कुत्र्यांनी स्फोटके शोधण्याचे काम केले. सेवानिवृत्तीनंतर त्यांना विरारच्या एका शेतावर आसरा मिळाला. २०१६ साली चौघेही एकामागून एक गेले. सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात, सीझर. सोबत थोड्याच दिवसांची, हे जाणूनच त्यांना घर दिले गेले होते.

म्हातारा कुत्रा घरी आणायचा तर आधी म्हातारपण ओळखता आले पाहिजे. मोठ्या जातीचा कुत्रा ७-८ वर्षांत, तर लहान जातीचा १०-११ वर्षांत वृद्ध समजला जातो. सांध्यांतील कूर्चा झिजल्यामुळे सकाळी उठताना तो अडखळतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. तेथे जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. वजन वाढू देऊ नये, कारण तो भार दुखऱ्या सांध्यांवरच पडतो. डोळ्यांत निळसर झाक दिसली म्हणजे मोतीबिंदूच, असे नव्हे. वयोमानाने भिंग घट्ट होऊनही तसे दिसते. तो एकाएकी फार पाणी पिऊ लागला, तर उन्हाळा म्हणून सोडून देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. अन्न टाकू लागला, तर नखरे न समजता दात पाहावेत. ऐकू कमी येत असेल, तर झोपेत अचानक हात लावू नये. दचकून चावण्याचा संभव असतो.

सहा महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडून तपासणी करवावी. रेबीजची लस म्हातारपणीही चुकवू नये. इंदूरकरांना महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. मात्र घरातील डोकेदुखीची गोळी त्याला कदापि देऊ नये; माणसाच्या वेदनाशामक औषधांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड वा जठर निकामी होऊ शकते. नवीन घरी रुळायला त्याला काही आठवडे लागतात. तोवर अंथरूण व पाण्याचे भांडे यांची जागा बदलू नये. अधू नजरेचा कुत्रा वासाने आणि आठवणीने वावरतो.

आता जमेची बाजू. प्रौढ कुत्र्याचा आकार व स्वभाव आधीच कळलेला असतो. पिल्लाप्रमाणे तो वह्यापुस्तके सहसा फाडत नाही. थोडे फिरणे व बरीच विश्रांती त्याला पुरते. खर्चाच्या बाजूला औषधे, रात्रीचे जागरण आणि लवकर येणारा वियोग. म्हणून वसतिगृहात राहणाऱ्या मित्रांनी हा मोह टाळावा. घरी राहणाऱ्यांनीही आईवडिलांची संमती घ्यावी आणि परीक्षेच्या दिवसांत त्याला बाहेर कोण नेणार, हे आधी ठरवावे. एकदा टाकलेल्या जिवाला दुसऱ्यांदा टाकणे हे पहिल्याहून वाईट.

होळकरांच्या कुलदैवताच्या, खंडोबाच्या, पायाशी कुत्रा असतो. त्याला नमस्कार करणाऱ्या आपल्या शहरात दारच्या म्हाताऱ्या कुत्र्याची किंमत मोडीत धरली जाऊ नये, इतकेच सांगणे.