बाइटक्रमनिर्देश, गाभा-प्रतिमेतील

प्रचालन प्रणालीचा गाभा म्हणजेच कर्नेल ज्या फाइलीत साठविलेला असतो, तिला गाभा-प्रतिमा म्हणतात. अनेक बाइटांची संख्या स्मृतीत कोणत्या क्रमाने मांडली जाईल, हे सांगणारी प्रतिमेच्या शीर्षखंडातील खूण म्हणजे बाइटक्रमनिर्देश होय. षोडशमान पद्धतीतील १२३४५६७८ ही संख्या १२, ३४, ५६, ७८ अशी मांडल्यास त्या क्रमास बिग एंडियन वा ज्येष्ठाग्र आणि ७८, ५६, ३४, १२ अशी मांडल्यास लिट्ल एंडियन वा कनिष्ठाग्र म्हणतात. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये ही नावे रूढ केली. स्विफ्टच्या गलिव्हरच्या प्रवासकथेत अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून जी भांडणे होतात, त्यांवरून ती घेतली आहेत. मराठी भाषकास हा भेद अपरिचित नाही : पंचवीस लिहिताना दोन आधी येतो, उच्चारताना पाच.

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) परम यंत्रमालेत दोन्ही क्रम आढळतात. परम ८००० (१९९१) मधील ट्रान्सप्यूटर कनिष्ठाग्र होते. परम १०००० (१९९८) मधील अल्ट्रास्पार्क व नंतरच्या परम पद्ममधील पॉवर-४ ज्येष्ठाग्र. तर परम युवा (२००८) मधील इंटेल प्रक्रियक पुन्हा कनिष्ठाग्र होते. एका यंत्रावर जशीच्या तशी द्विमान रूपात लिहिलेली आधारसामग्री भिन्न क्रमाच्या यंत्रावर नेताना बाइटांची उलटापालट करावी लागते. ती राहून गेल्यास यंत्र बहुधा तक्रार करीत नाही, केवळ चुकीचे उत्तर देते.

या यंत्रांचा क्रम त्यांच्या प्रक्रियकावरून कळत असे. आर्म प्रकारचे अनेक प्रक्रियक मात्र दोन्ही क्रमांनी चालू शकतात. तेथे क्रम प्रतिमेनेच सांगावा लागतो. अडचण अशी की, क्रम सांगणारी संख्याही कोणत्या तरी क्रमानेच लिहिलेली असते. ईएलएफ स्वरूपात यासाठी सहावा बाइट राखलेला आहे. एकट्या बाइटास क्रम नसतो, म्हणून त्यातील १ (कनिष्ठाग्र) वा २ (ज्येष्ठाग्र) निःसंदिग्ध ठरतो. लिनक्सच्या ३२ बिटी आर्म प्रतिमेत ०४०३०२०१ ही ठरीव संख्या गाभ्याच्या स्वतःच्या क्रमाने लिहितात; ती उलटी वाचली गेली की भेद उघड होतो.

६४ बिटी आर्मच्या शीर्षखंडात आरंभी ही दक्षता नव्हती. प्रतिमा स्मृतीत किती अंतरावर ठेवावी हे सांगणारी संख्या कोणत्या क्रमाने लिहावी, हेच ठरलेले नव्हते. नेहमीचे ५१२ किलोबाइट अंतर उलट्या क्रमाने वाचल्यास ८ टेराबाइट होते! लिनक्सच्या ३.१७ या आवृत्तीपासून (२०१४) शीर्षखंडातील संख्या सदैव कनिष्ठाग्र क्रमाने, मग गाभा कोणत्याही क्रमाचा असो, लिहिल्या जाऊ लागल्या. ६४ बाइटांच्या या शीर्षखंडात २४ बाइटांनंतर येणाऱ्या निशाण-संख्येचा सर्वांत कनिष्ठ बिट १ असल्यास गाभा ज्येष्ठाग्र समजावा. जुन्या प्रतिमा प्रतिमा-आकाराच्या जागी असलेल्या शून्यावरून ओळखतात व त्यांचे अंतर ५१२ किलोबाइट गृहीत धरतात.

हा बिट स्वतः प्रक्रियकाचा क्रम बदलत नाही. ते काम गाभा सुरू होताच स्वतः करतो. ६४ बिटी आर्मच्या आज्ञा सदैव कनिष्ठाग्र असल्याने त्या वाचण्यास अडथळा येत नाही. चालू गाभ्यातून दुसरा गाभा थेट सुरू करणारी केक्सेक ही सुविधा मात्र हा बिट आधी तपासते आणि नव्या गाभ्याचा क्रम निराळा असून प्रक्रियकास दोन्ही क्रम चालत नसतील, तर प्रतिमा नाकारते.